मत कुणाला दिलं, ते कुणालाच कळणार नाही!



हे सदर शेतीचं. खत कधी द्यावं, करपा कसा ओळखावा, बियाण्याला औषध कसं चोळावं, असल्या गोष्टी आपण इथं बोलत असतो. आज मात्र जरा बांधापलीकडे पाहायचं आहे. कारण असं की, निवडणूक आली की गावोगाव एकच वाक्य कानावर येतं, "एका मतानं काय होतंय?" चावडीवर येतं, एस.टी.त येतं. घरात एखादी माउलीही म्हणते, "ते सांगतील तिथं शिक्का मारायचा, आपल्याला काय कळतंय त्यातलं?" आता शिक्का गेला आणि यंत्राचं बटण आलं. वाक्य मात्र तेच राहिलं.

हे वाक्य ऐकलं की मला कंबोडिया देशातले शेतकरी आठवतात. तेवीस वर्षं त्यांनी लढाई, उपासमार आणि परागंदा होणं सोसलं. त्यानंतर १९९३ च्या मे महिन्यात त्यांच्या हातात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं मतपत्रिका आली. समोर वीस पक्ष, पाठीमागे बंदुका, पायाखाली सुरुंग. तरीही शंभरातले जवळजवळ नव्वद मतदार केंद्रावर गेले. ते का गेले, कसे गेले आणि पुढे त्यांच्या पदरात काय पडलं, हे आज सांगणार आहे. यातलं सगळंच गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

भाताचा मुलूख

कंबोडिया म्हणजे जुन्या पुस्तकांतला कंबुज देश. थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मधोमध वसलेला, आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा. अंगकोर वाटचं प्रचंड मंदिर याच देशात आहे. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं १९८६ ते १९९३ या काळात त्याच्या दुरुस्तीसाठी तिथं राबत होती. तिथल्या माणसांची नावंही आपल्याला ओळखीची वाटतात. राजघराण्याचं नाव 'नोरोडोम', म्हणजे आपलं नरोत्तम.

देश सगळा भातावर जगणारा. त्यांच्या बोलीत जेवणं या क्रियेला शब्दच मुळी 'भात खाणं' असा आहे. मध्यभागी टोन्ले साप नावाचं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी फुगली की तिचं पाणी उलटं वाहून या सरोवरात शिरतं आणि सरोवर चार-पाच पटींनी पसरतं. पाणी ओसरलं की गाळाची जमीन उघडी पडते. कोकणातल्या आणि भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना तिथली शेती अनोळखी वाटणार नाही. पहिल्या पावसावर नांगरट, मग चिखलणी, मग लावणी, आणि कापणी दिवाळीनंतर. सरोवराच्या काठी तर पाण्याबरोबर उंच उंच वाढत जाणारा तरता भातही घेतात.

१९५३ साली हा देश फ्रान्सच्या ताब्यातून सुटला. निवडणुका त्यानंतर झाल्या, नाही असं नाही. पण १९५५ साली राजे सिहानूक यांच्या संघटनेनं सगळ्याच्या सगळ्या जागा घेतल्या, आणि तिथून पुढं विरोधकाला उभं राहायला जागाच उरली नाही. १९७० साली सेनापती लोन नोल यानं सिहानूकांना पदच्युत केलं. शेजारच्या व्हिएतनामातली लढाई कंबोडियात शिरली. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी तिथल्या खेड्यापाड्यांवर पाच लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. शेतं ओसाड पडली, माणसं शहराकडे पळाली, आणि रानात ख्मेर रूज नावाच्या सशस्त्र कम्युनिस्ट गटाचं बळ वाढत गेलं.

हेक्टरी तीन टनांचा हुकूम

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि काही दिवसांत ते अख्खं शहर रिकामं केलं. आजारी, म्हातारे, बाळंतिणी, सगळ्यांना हाकलून रानात शेतीला जुंपलं. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, विहारांतले भिक्षू चीवर उतरवून कामावर. घरात चूल पेटवायलाही बंदी. जेवण सामुदायिक भटारखान्यात, आणि तेही पातळ पेजेचं.

शेतीच्या माणसानं ध्यानात घ्यावं असं पुढं आहे. पोल पोटच्या सरकारनं फर्मान काढलं की देशभर हेक्टरी तीन टन भात निघालाच पाहिजे. त्याआधी तिथली सरासरी टनभराच्या आसपास होती. खत नाही, सुधारित बी नाही, जनावरं उपाशी, आणि पाटबंधाऱ्यांची आखणी पाण्याचा उतार न पाहता कागदावर. मग तीन टन येणार कुठून? पण "आलं नाही" म्हणायची हिंमत कोणाची? खालचा अधिकारी वरच्याला खोटा आकडा कळवी. त्या खोट्या आकड्यावर वरचा आपला हिस्सा उचली. शेतात पिकलेलं धान्य असं गाडीत भरून जाई आणि ज्यांनी पिकवलं ते उपाशी मरत. पावणेचार वर्षांत छळ, उपासमार आणि रोगराई यांनी सुमारे १७ लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्या आत होती. पाचातला एक माणूस गेला म्हणा ना.

गंमत म्हणावी की क्रूर थट्टा, पण याच सरकारनं १९७६ साली 'निवडणूक' घेतल्याचं जाहीर केलं होतं. १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामी फौजांनी ख्मेर रूजना हुसकावलं आणि आपल्या मर्जीतलं सरकार बसवलं. त्यानंही १९८१ साली निवडणूक घेतली, पण पक्ष एकच. म्हणजे पेटी होती, कागद होता, निवड मात्र नव्हती.

या पडझडीत घरचं बी सुद्धा गेलं होतं. पिढ्यान्पिढ्या जपलेल्या भाताच्या जाती, कुणी भुकेपोटी खाल्ल्या, कुणाच्या हातून सुटल्या. सुदैव असं की, १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं कंबोडियातल्या साडेसातशेहून अधिक गावरान जातींचे नमुने गोळा करून शीतगृहात ठेवले होते. १९८० नंतर ते बी टप्प्याटप्प्यानं मायदेशी परत गेलं आणि पुन्हा खाचरात लागलं. बी जपून ठेवणारा माणूस देशावर केवढे उपकार करतो, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

परतीची वाट

व्हिएतनामी फौजा आल्या तरी लढाई थांबली नाही. नॉम पेन्हचं सरकार एकीकडे आणि ख्मेर रूज धरून तीन विरोधी गट दुसरीकडे, असं यादवी युद्ध आणखी बारा वर्षं चाललं. साडेतीन लाखांवर माणसं थायलंडच्या सीमेवर छावण्यांत पडून होती. तिथं जन्मलेल्या पोरांनी शेत कसं असतं हे पाहिलंच नव्हतं. तांदूळ कुठून येतो, तर ट्रकमधून, एवढंच त्यांना ठाऊक.

अखेर २३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिसमध्ये तह झाला. त्यात भारतासह एकोणीस देशांनी सह्या केल्या. ठरलं असं की संयुक्त राष्ट्रसंघानं काही काळ देशाच्या कारभारावर देखरेख करावी, निर्वासितांना घरी आणावं, हत्यारं खाली ठेववावीत आणि निवडणूक घ्यावी. या व्यवस्थेला 'अनटॅक' म्हणत. तिचे प्रमुख होते जपानचे यासुशी आकाशी. सैनिक, पोलीस आणि मुलकी कर्मचारी मिळून वीस हजारांवर माणसं देशोदेशींहून आली. आपली भारतीय पलटण काम्पोंग चाम प्रांतात होती.

मार्च १९९२ ते एप्रिल १९९३ या काळात साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित परतले. आरंभी त्यांना सांगितलं होतं की, शेतीसाठी प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टरपर्यंत जमीन मिळेल. पण जमीन मोजायला गेले तो काय? मोकळी दिसणारी जमीन बहुतेक सुरुंगांची. मग दुसरा पर्याय पुढं आला. मोठ्या माणसाला पन्नास डॉलर, मुलाला पंचवीस, आणि काही महिन्यांचं धान्य. बहुतेकांनी तोच घेतला. जमिनीच्या आशेनं निघालेला शेतकरी हातात थोडे पैसे घेऊन नातेवाइकाच्या अंगणात येऊन बसला.

हे सुरुंग सगळ्याच बाजूंनी पेरले होते, आणि कुठं पेरले याचा नकाशा बहुतेक ठिकाणी कुणी ठेवला नव्हता. नांगराचा फाळ, बैलाचा खूर, सरपण आणायला गेलेल्या मुलाचं पाऊल, कशानंही स्फोट व्हावा. १९७९ पासून आजवर त्या देशात सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब यांनी सुमारे वीस हजार माणसं मेली आणि पंचेचाळीस हजार जखमी झाली. लाल पाटीवर कवटीचं चित्र दिसलं की पुढं जायचं नाही, हा तिथल्या लेकरांचा पहिला धडा. आजही सुरुंग काढण्याचं काम तिथं चालूच आहे.

गुप्त म्हणजे गुप्त

आता निवडणुकीकडे येऊ. ऑक्टोबर १९९२ पासून मतदारांची नोंदणी सुरू झाली आणि चार महिन्यांत सत्तेचाळीस लाखांवर नावं लागली. प्रत्येकाला छायाचित्र लावलेलं कार्ड मिळालं. ज्या देशात कागदपत्रं जाळली गेली, जिथं चष्मा लावला म्हणजे शिकलेला, आणि शिकलेला म्हणजे शत्रू असा हिशेब चाले, तिथं आपलं नाव आणि आपला चेहरा असलेलं कार्ड हातात येणं ही लहान गोष्ट नव्हती. लोक ते जिवापाड जपत.

पण कार्ड हाती आलं म्हणून भीती जात नाही. ख्मेर रूजनी हत्यारं टाकायला नकार दिला, निवडणुकीवर बहिष्कार घातला आणि मत देणाऱ्याला बघून घेऊ असं बजावलं. दुसऱ्या बाजूला नॉम पेन्हचं सरकार, म्हणजे हुन सेन यांचा पक्ष, स्वतःच निवडणुकीत उभा होता. पोलीस त्यांचे, प्रांताधिकारी त्यांचे, गावचे मुखिया त्यांनीच नेमलेले. काही ठिकाणी हे मुखिये लोकांची कार्डं गोळा करत, नंबर उतरवून घेत, आणि सांगत, "तू मत कुणाला दिलंस ते आम्हाला कळणारच आहे." विरोधी पक्षाच्या कचेऱ्यांवर बॉम्ब पडत, कार्यकर्ते रात्रीतून नाहीसे होत. टोन्ले सापच्या पाण्यावरच्या एका वस्तीत मार्च १९९३ मध्ये तेहतीस व्हिएतनामी वंशाच्या माणसांची कत्तल झाली. एप्रिलमध्ये निवडणुकीच्या कामावरचा एक तरुण जपानी स्वयंसेवक मारला गेला. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतच्या अडीच महिन्यांत दोनशेच्या आसपास माणसं अशा हिंसेत गेली. मतदान होईल की नाही, याचीच जगाला शंका होती.

अशा वेळी काय करायचं? बंदुकीला बंदूक लावायची ताकद अनटॅककडे नव्हती, आणि त्यांचं ते कामही नव्हतं. मग त्यांनी एक साधी गोष्ट धरली आणि ती पुन्हा पुन्हा सांगितली. तुमचं मत गुप्त आहे. मत कुणाला दिलं, ते कुणालाच कळणार नाही. मुखियाला नाही, सैनिकाला नाही, नवऱ्याला नाही.

हे सांगण्यासाठी त्यांनी स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. जपानमधून देणगीदाखल आलेले रेडिओ संच गावोगाव वाटले. एका संचाभोवती आळीच्या आळी बसे. प्रश्न विचारले जात, त्यांची उत्तरं रेडिओवरून दिली जात. कार्ड हिसकावून घेतलं तर काय? नोंद आहे, नाव यादीत आहे, घाबरू नका. एखाद्या पक्षाला मत देईन अशी शपथ घ्यायला लावली तर? दबावाखाली दिलेलं वचन पाळण्याचं बंधन नाही. चारशेहून अधिक परदेशी स्वयंसेवक महिनोन्महिने खेड्यात राहून हाच धडा देत होते. पेटी दाखवायची, मतपत्रिका दाखवायची, पडद्यामागं कसं जायचं, घडी कशी घालायची, ते करून दाखवायचं. मतपत्रिकेवर पक्षाच्या नावाबरोबर चिन्हही छापलं होतं, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही अडचण नको.

आम्ही विस्तार कामातली माणसं या पद्धतीला प्रात्यक्षिक म्हणतो. बैठकीत दहा वेळा सांगितलं तरी शेतकरी मान डोलावतो आणि घरी जाऊन जुनंच करतो. पण शेजारच्या वाफ्यात डोळ्यांनी पाहिलं की मग विचार करतो. त्याचं चुकत नाही. त्याच्याजवळ एकच खरीप असतो, तो उगीच कुणाच्या शब्दावर का घालवील? कंबोडियातल्या शेतकऱ्याजवळ तर एकच जीव होता. त्याला नुसतं सांगून भागणार नव्हतं, पटवून द्यावं लागणार होतं.

आणि नुसतं पटवलंही नाही, तशी व्यवस्थाही केली. मोजणी गावात न करता प्रांताच्या ठिकाणी ठेवली, आणि एका केंद्राची मतपत्रिका दुसऱ्या केंद्राच्या मतपत्रिकांत मिसळून मगच मोजायची असा नियम केला. म्हणजे अमुक गावानं कुणाला मत दिलं हेसुद्धा कळायला नको, आणि गावावर सूड उगवायला जागा नको.

इथं थोडं आपल्याकडे पाहू. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह. पुढं एकच मतपत्रिका आणि शिक्का आला, मग यंत्र आलं. तुमचं स्वतःचं मत आजही गुप्तच आहे. पण यंत्रामुळं प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळतो. म्हणून निकालानंतर एखादा पुढारी म्हणतो, "तुमच्या वस्तीनं मतं दिली नाहीत, मग रस्ता कुठून मागता?" कंबोडियात ती मतपत्रिकांची सरमिसळ कशासाठी होती, हे आता उमगेल.

मेचे सहा दिवस

२३ मे १९९३, रविवार. पावसाळ्याचा जोर होण्याआधी मतदान उरकायचं म्हणून हे दिवस धरले होते. त्याच महिन्यात महाघोसानंद या वृद्ध भिक्षूंच्या मागून शेकडो भिक्षू, भिक्षुणी आणि गावकरी सिएम रीपहून नॉम पेन्हपर्यंत लढाईच्या मुलखातून शांतीयात्रा करत पायी आले होते. वाटेत लोक पाण्याच्या घागरी घेऊन उभे राहत. आपल्या वारीची आठवण यावी असा तो देखावा.

मतदानाच्या पहाटे पाऊस होता. तरी उजाडायच्या आत रांगा लागल्या. ठेवणीतले कपडे घालून माणसं आली. बैलगाडीतून, होडीतून, सायकलीवर, कुबडीवर. रांगेत बायका जास्त होत्या, कारण लढाईत पुरुष जास्त गेले होते आणि कित्येक घरांचा कारभार विधवांच्या हाती होता. ज्या बाईनं नवरा आणि पोरं गमावली, जिला चूल पेटवायचीही परवानगी नव्हती, ती पडद्यामागं एकटी उभी राहून स्वतःच्या मनानं खूण करत होती. त्या क्षणी तिच्यावर कुणाचाही हुकूम चालत नव्हता.

मोठा हल्ला होईल अशी धास्ती होती. तुरळक तोफगोळे पडलेही. पण सहा दिवस मतदान पार पडलं. काही भागांत तर ख्मेर रूजच्या ताब्यातल्या मुलखातली माणसंही मत द्यायला आली. २८ मेपर्यंत बेचाळीस लाखांवर मतं पडली होती, नोंदणीच्या जवळजवळ ९० टक्के. केंद्रांवर काम करणारे पन्नास हजारांवर लोक तिथलेच होते, शिक्षक, विद्यार्थी, गावकरी.

निकाल लागला तेव्हा गावच्या मुखियांना धक्का बसला असणार. सिहानूकांचे पुत्र रणरिद्ध यांच्या फुन्सिनपेक पक्षाला १२० पैकी ५८ जागा, आणि सत्तेवरच्या हुन सेन यांच्या पक्षाला ५१. हाताशी फौज, पोलीस आणि सगळा कारभार असूनही सत्ताधारी पक्ष मागे पडला होता. कार्डं गोळा करून, नंबर उतरवून काही उपयोग झाला नव्हता. शेतकऱ्यानं तोंडानं "हो साहेब" म्हटलं आणि पडद्यामागं आपल्या मनाचं केलं.

पेरणीनंतरचं दुर्लक्ष

इथं गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं. पण पेरणी साधली म्हणून कुणी कोठार बांधायला घेत नाही. पुढं खुरपणी असते, राखण असते.

हरलेल्या पक्षानं हार मानली नाही. जूनमध्ये त्यांच्यातल्या काहींनी पूर्वेकडचे प्रांत वेगळे काढायची धमकी दिली. शेवटी तोडगा असा निघाला की एका देशाला दोन पंतप्रधान. पहिला पंतप्रधान रणरिद्ध, दुसरा हुन सेन. २४ सप्टेंबर १९९३ रोजी राज्यघटना अमलात आली, सिहानूक पुन्हा राजे झाले आणि अनटॅकची माणसं आपापल्या देशी निघून गेली. पण गावात काय बदललं? मुखिया तोच. पोलीस तेच. जमिनीचा कागद करून देणारा कारकून तोच. गावपातळीवरच्या कारभाऱ्यांची निवडणूक व्हायला २००२ साल उजाडलं. तोवर नऊ वर्षं गेली होती आणि जुन्या पक्षानं खेड्यातली आपली मुळं आणखी खोल नेली होती. त्या निवडणुकीत बहुतेक सगळी प्रमुखपदं त्यालाच मिळाली.

१९९७ च्या जुलैमध्ये राजधानीत रणगाडे उतरले आणि रणरिद्ध यांना सत्तेवरून घालवण्यात आलं. पुढं निवडणुका वेळच्या वेळी होत राहिल्या. २०१३ साली विरोधकांनी १२३ पैकी ५५ जागा मिळवून मोठी टक्कर दिली. मग २०१७ साली न्यायालयाच्या आदेशानं तो मुख्य विरोधी पक्षच विसर्जित झाला, आणि २०१८ च्या निवडणुकीत सगळ्या १२५ जागा सत्ताधारी पक्षाच्या. १९५५ साली जे झालं तेच पुन्हा. २०२३ साली हुन सेन पंतप्रधानपदावरून उतरले आणि त्यांचे पुत्र हुन मानेत त्या जागी बसले. मधल्या काळात लाखो हेक्टर जमीन मोठ्या कंपन्यांना उसाच्या आणि रबराच्या मळ्यांसाठी दिली गेली. ज्या शेतकऱ्याजवळ सातबाऱ्यासारखा पक्का कागद नव्हता, त्याची वहिवाटीची जमीन हातची गेली.

मग १९९३ चं मतदान वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. त्या मतदानानं युद्धाचं कारणच काढून घेतलं. ख्मेर रूज एकटे पडले, त्यांचे लोक हत्यारं टाकून बाहेर येऊ लागले आणि १९९८-९९ पर्यंत तो गट संपला. त्यांच्या पुढाऱ्यांवर पुढं खटले चालले आणि शिक्षा झाल्या. १९९५ साली, पंचवीस वर्षांनंतर प्रथमच, देशात गरजेपेक्षा जास्त भात पिकला. पोरं शाळेत गेली. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की, मतपेटीनं जे हाती दिलं होतं ते राखायला गावात कुणी संघटित नव्हतं, म्हणून ते हळूहळू निसटत गेलं.

आपण काय ध्यानात घ्यायचं?

आपल्याला मत आयतं मिळालं. आपल्या आज्या-पणज्यांनी १९५१-५२ साली पहिल्याच फटक्यात मत दिलं, आणि त्यासाठी सुरुंगातून चालत जावं लागलं नाही. म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. तेव्हा चार गोष्टी सांगतो.

एक, मतदार यादीत नाव आहे का, हे निवडणूक लागल्यावर नव्हे, आधी पाहा. नवी सून आली असेल, पोरगा अठरा वर्षांचा झाला असेल, तर अर्ज भरा.

दोन, मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती तुमच्यावर कुणालाही करता येत नाही, कोर्टातसुद्धा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. कुणी शपथ घातली, भंडारा उचलायला लावला, तरी पडद्यामागं तुम्ही एकटेच आहात.

तीन, हे घरातही लागू आहे. बंधूंनो, घरच्या लक्ष्मीला "इथं बटण दाब" म्हणून सांगू नका. घराचा हिशेब तिला कळतो, पेरणीची वेळ तिला कळते, तर मत कुणाला द्यावं हेही कळतं.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. मत देऊन घरी येऊन झोपू नका. ग्रामसभेला जा. अंदाजपत्रक वाचून दाखवायला सांगा. जमिनीचे कागद नीट ठेवा, सातबारा दरवर्षी पाहा. दिल्ली-मुंबईत कोण बसलं यापेक्षा गावच्या कचेरीत तुमचं ऐकलं जातं की नाही, यावर तुमचं रोजचं जगणं ठरतं. कंबोडियातल्या शेतकऱ्याला वर बदल मिळाला, खाली मिळाला नाही. आपल्याला ग्रामसभा आहे, तिचा उपयोग करणं आपल्याच हातात आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या शेतात येऊ. भाताची रोपं गादीवाफ्यावर कशी तयार करावीत आणि बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी द्यावी, ते सविस्तर सांगेन. तोवर घरातलं बी वाळवून, डब्यावर जातीचं नाव लिहून ठेवा.